सातशे वीस फोटो, एक चौकट

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणाऱ्या पाच नद्यांपैकी कृष्णा, कोयना, वेण्णा आणि गायत्री देशाकडे वळल्या. एकटी सावित्री कोकणात उतरली. पोलादपूर, महाड करत ती बाणकोटपाशी समुद्राला मिळते. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट तिच्याच खोऱ्याच्या कडेने वर जातो. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून आलेला वारा या खोऱ्यात शिरतो, समोर सह्याद्रीची भिंत लागली की वर चढतो, गार होतो, आणि त्यातल्या बाष्पाचा ढग होतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो तो याच चढणीमुळे. डोळ्यांना मात्र ढग नुसता ‘आला’ आणि ‘गेला’ एवढेच कळते. तो दरीतून कसा उकळून वर येतो, प्रतापगडाच्या तटाला कसा वळसा घालतो, हे पाहायचे तर वेळ आवळावी लागते. त्यासाठी टाइमलॅप्स.

हिशेब सोपा आहे. घाटातून गड दिसतो अशा एखाद्या रुंद वळणावर, रस्त्यापासून आत, ट्रायपॉड लावा आणि दर पाच सेकंदांना एक फोटो घ्या. तासाला ७२० फोटो होतात. सेकंदाला २५ चित्रे या वेगाने ते लावले तर २८.८ सेकंदांचा व्हिडिओ मिळतो. अवघड भाग ढगांचा नाही, पावसाचाही नाही. तो घरी आल्यावर सुरू होतो. फोल्डर प्रोग्रॅममध्ये ओतले की कधी गडाचा माथाच कापला जातो, कधी दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात, कधी अर्ध्यावर सगळा डोंगर चपटा होतो, कधी प्रोग्रॅम लाल अक्षरांत एक ओळ दाखवून थांबतो. आणि कधी सगळे सुरळीत पार पडते, संगणकावर व्हिडिओ चालतोही, पण फोनवर नुसता काळा पडदा. दिसायला ही पाच वेगळी दुखणी आहेत, पण मूळ एकच: प्रत्येक फोटोला स्वतःचा आकार असतो, व्हिडिओला मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच. तो आकार तुम्ही ठरवला नाही तर प्रोग्रॅम ठरवतो, आणि त्याला प्रतापगड ठाऊक नसतो.

चित्रपटाच्या फिल्मच्या काळात हा प्रश्न उद्भवतच नव्हता. आपल्याकडच्या टाइमलॅप्सचा सर्वांत जुना प्रसिद्ध नमुना दादासाहेब फाळक्यांचा आहे. १९१२ साली ते लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल हवे होते आणि या धंद्यावर कोणाचा विश्वास बसत नव्हता. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला. काही आठवड्यांची वाढ पडद्यावर क्षणभरात झाली. पाहणाऱ्याने पैसे दिले. त्या काळी कच्ची फिल्म छिद्रे न पाडलेली येई. अंधाऱ्या खोलीत बसून तिच्या कडेला छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करत. ते काम वरवर कंटाळवाणे, पण सगळा खेळ त्यावरच होता. ३५ मिलिमीटर फिल्मवर एका चित्रामागे चार छिद्रे, त्या चार छिद्रांइतकीच फिल्म दर खेपेला पुढे सरकणार, आणि कॅमेऱ्यातली लोखंडी चौकट प्रत्येक चित्र त्याच मापाचे कापणार. वाटाण्याचे एक चित्र उभे आणि पुढचे आडवे येणे शक्यच नव्हते. डिजिटल फोटोंच्या फोल्डरला अशी छिद्रे नसतात. ती आपण पाडायची.

त्या चार छिद्रांच्या चित्राची रुंदी आणि उंची साधारण ४:३ या प्रमाणात होती. तेच प्रमाण पुढे जुन्या टीव्हीत आले आणि आज बहुतेक फोनच्या कॅमेऱ्यात मुक्कामाला आहे. लायका कंपनीच्या ऑस्कर बार्नाकने तीच सिनेमाची फिल्म छोट्या कॅमेऱ्यात आडवी फिरवली आणि चार छिद्रांऐवजी आठ छिद्रांचे, २४ बाय ३६ मिलिमीटरचे चित्र घेतले. हा कॅमेरा १९२५ साली बाजारात आला, आणि ३:२ हे मोठ्या कॅमेऱ्यांचे प्रमाण तिथून रूढ झाले. १६:९ सर्वांत धाकटे. १९८०च्या दशकात रुंद पडद्याच्या टीव्हीसाठी जुना ४:३ आणि सिनेमाचा लांबुळका पडदा यांच्या मधली तडजोड म्हणून ते निवडले गेले. म्हणजे तुम्ही फोटो काढता तो एका काळाच्या मापात आणि दाखवता ते दुसऱ्या काळाच्या मापात. काहीतरी कापले जाणारच. प्रश्न फक्त कुठून, एवढाच.

आंबेनळीतल्या फोटोवरच हे मोजून पाहू. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. १६:९ साठी त्याची उंची ३३७५ हवी, म्हणजे ६२५ ओळी जाणार, सुमारे सोळा टक्के. फोनचा ४००० बाय ३००० चा फोटो घेतला तर उंची २२५० उरते आणि ७५० ओळी जातात. पाव फोटो गेला! प्रोग्रॅम आपणहून कापतो तेव्हा वरून आणि खालून सारखे कापतो. या घाटात हीच नेमकी वाईट वाटणी. वर गडाचा माथा आणि त्यावरून सरकणारा ढग असतो, खाली वळणावळणाचा रस्ता आणि त्यावरून घरंगळत गेल्यासारखी दिसणारी एसटी. दोन्ही अर्धवट गेले की मध्ये उरतो तो हिरवा उतार, ज्यात काहीच हलत नाही. त्यापेक्षा खालचा रस्ता पूर्ण सोडा आणि सगळी कात्री तिथेच चालवा, किंवा ढग पातळ असेल त्या दिवशी उलटे करा. बहुतेक प्रोग्रॅममध्ये क्रॉपची चौकट वरखाली सरकवता येते. लोक ती सरकवत नाहीत, कारण ती सरकते हेच त्यांना माहीत नसते. (प्रतापगडाची उंची सुमारे १,०८० मीटर सांगतात आणि फुल एचडी चित्राची उंची १,०८० पिक्सेल असते. योगायोगच, पण आकडा लक्षात ठेवायला बरा.)

याहून चांगला उपाय घाटातच करायचा. फोनच्या कॅमेऱ्यात जाळीच्या रेषा दाखवण्याची सोय असते, मोठ्या कॅमेऱ्यांपैकी काहींत १६:९ च्या खुणा पडद्यावर आणता येतात. त्या पाहून गड आणि ढग चौकटीच्या आत बसतील एवढे मागे सरका किंवा झूम कमी करा. थेट १६:९ मध्ये फोटो काढण्याचा पर्यायही फोनमध्ये असतो, पण फोन तिथे बहुधा तेच ४:३ चे चित्र कापून देतो आणि कापलेला भाग परत मिळत नाही. मी पूर्ण चित्र घेऊन नंतर कापण्याच्या बाजूचा आहे. साठवण जास्त लागते, लागू द्या.

कापायचे नसेल तर काळ्या पट्ट्या राहतात. त्या प्रामाणिक असतात, मला त्यांचा त्रास होत नाही. त्रास होतो तो पट्ट्यांच्या जागी त्याच चित्राची धूसर, फुगवलेली प्रत लावण्याच्या हल्लीच्या पद्धतीचा: टाइमलॅप्समध्ये ती प्रतही हलते आणि नजर मधल्या ढगावर ठरत नाही. तिसरा मार्ग म्हणजे चित्र ताणून चौकटीत बसवणे. तो मार्गच नव्हे.

आता अर्ध्यावर चपट्या झालेल्या डोंगराकडे येऊ. ७२० फोटोंपैकी दोन-चार वेगळ्या मापाचे असले की हे होते. एफएफएमपेग हा मोफत प्रोग्रॅम पडद्यामागे अनेक जण वापरतात. त्याला काही सांगितले नाही तर तो पहिल्या फोटोचे माप प्रमाण मानतो आणि पुढचे सगळे त्या मापात बसवतो, प्रमाण वेगळे असले तर ताणून. पहिलाच फोटो चाचणीपुरता उभा काढलेला असला तर पुढचे सगळे आडवे फोटो उभ्या चौकटीत कोंबले जातात आणि माणूस प्रोग्रॅमला दोष देत बसतो. म्हणून व्हिडिओ करण्याआधी फोल्डर तपासायचे. विंडोजमध्ये फोल्डर ‘डीटेल्स’ दृश्यात उघडा, वरच्या पट्टीवर उजवी क्लिक करून ‘डायमेन्शन्स’ हा रकाना आणा आणि त्यावर क्लिक करून क्रम लावा. वेगळ्या मापाचे फोटो एका टोकाला गोळा होतात. आंबेनळीहून महाबळेश्वरला पोचायला लागणाऱ्या वेळात कितीतरी फोल्डर तपासून होतील, इतके हे सोपे आहे.

ही वेगळी मापे येतात कुठून? पहिला संशयित फोनचा दिशादर्शक. फोन आडवा की उभा हे त्यातला सेन्सर गुरुत्वाकर्षणावरून ओळखतो. तो क्षितिजाकडे रोखलेला असेल तोवर ठीक. ढगासाठी आकाशाकडे किंवा सावित्रीच्या खोऱ्यासाठी सरळ खाली रोखला की सेन्सरला उभ्या-आडव्यात फरक करता येत नाही, आणि मालिकेच्या मध्येच काही फोटोंवर ‘हा उभा आहे’ अशी नोंद पडते. फोटोतले पिक्सेल तसेच आडवे असतात; फक्त फाइलमधल्या एक्सिफ माहितीत फिरवण्याचा आकडा बदलतो. सरळ फोटोला १, बाजूवर फिरवायच्या फोटोला ६ किंवा ८, उलट्याला ३. काही प्रोग्रॅम हा आकडा वाचून फोटो फिरवतात, काही वाचतच नाहीत, म्हणून एकच फोल्डर एका ठिकाणी नीट दिसते आणि दुसऱ्या ठिकाणी बिघडते. सगळ्या फोटोंतली ती नोंद १ करून टाकली की भांडण मिटते. फोटो खरोखर फिरवायला गेलात तर सांभाळून: जेपेग फोटो दर्जा न घालवता फिरवणारे काही प्रोग्रॅम १६ पिक्सेलच्या चौकोनांत काम करतात आणि कडेचा अपुरा चौकोन छाटून टाकतात. ३००० ला १६ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून ३००० चे २९९२ होतात. आठ ओळींचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण मालिकेत तेवढ्यानेच चित्राला धक्का बसतो.

दुसरा संशयित व्हॉट्सअ‍ॅप. सोबतच्या मित्राच्या फोनमधले फोटो गटावर मागवले की ते साध्या पद्धतीने येतात, आणि ॲप त्यांची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणते. शिवाय मूळ नाव आणि एक्सिफमधली वेळ दोन्ही जातात, त्यामुळे क्रमही हरवतो. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर केबल लावा. तिसरा प्रकार छंदिष्टांचा: काही फोटो रॉ म्हणजे कच्च्या फाइलींमधून काढलेले आणि काही कॅमेऱ्याने दिलेले जेपेग, किंवा मधल्याच काही फोटोंचे क्षितिज सरळ केलेले. सरळ करताना कडा कापल्या जातात आणि माप थोडे घटते. एका फोटोवर केलेली दुरुस्ती सगळ्यांवर करा किंवा कोणावरच नको.

लाल अक्षरांतली ओळ बहुधा अशी असते: ‘हाइट नॉट डिव्हिजिबल बाय टू’. उंचीला दोनाने भाग जात नाही. यामागे व्हिडिओ लहान करण्याची एक जुनी युक्ती आहे. माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधाराचा बारीक फरक चटकन कळतो, रंगाचा तितका कळत नाही. म्हणून नेहमीच्या व्हिडिओत उजेड प्रत्येक पिक्सेलचा वेगळा नोंदतात, पण रंग दोन बाय दोनच्या चार पिक्सेलना मिळून एकच. उंची किंवा रुंदी विषम निघाली तर शेवटच्या ओळीला जोडीदारच उरत नाही. विषम आकडे येतात ते फोटो लहान करताना. ६००० बाय ४००० चा फोटो १६०० रुंदीवर आणला की उंची १०६६.६७ येते आणि ती १०६७ धरली जाते. ४००० बाय ३००० च्या आडव्या फोटोतून फोनसाठी ९:१६ ची उभी पट्टी कापायला जा, रुंदी १६८७.५ निघते. अर्धा पिक्सेल कोणत्याच दुकानात मिळत नाही, १६८८ घ्या. एफएफएमपेगमध्ये रुंदी देऊन उंचीच्या जागी उणे दोन लिहिले की तो प्रमाण राखून जवळची सम संख्या स्वतःच निवडतो. उणे एक लिहिले तर प्रमाण राखतो, पण सम-विषम पाहत नाही. इंटरनेटवरून उतरवलेल्या आज्ञांच्या ओळींत हे उणे एक फार आढळते.

फोनवरचा काळा पडदाही मापामुळेच येतो, पण वेगळ्या वाटेने. ७२० फोटो मूळ मापातच व्हिडिओत घातले की संगणकाचा ताकदवान प्रोसेसर तो कसाबसा चालवतो. फोन मात्र व्हिडिओ उलगडायला खास चिप वापरतो आणि तिला मर्यादा असते. आज सर्वांत जास्त चालणारा एच २६४ हा प्रकार २००३ साली प्रमाणित झाला. त्यात चित्र १६ बाय १६ च्या चौकोनांत विभागतात, आणि फोरके व्हिडिओसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या ५.१ या पातळीवर एका चित्रात जास्तीत जास्त ३६,८६४ चौकोन बसतात. फोरके म्हणजे ३८४० बाय २१६०. त्याचे चौकोन ३२,४००, म्हणजे आत. ६००० बाय ४००० चे ९३,७५० होतात, अडीचपट. फोनचा साधा बारा मेगापिक्सेलचा फोटोसुद्धा ४७,००० चौकोनांचा असतो. ‘मोठा फोटो म्हणजे चांगला व्हिडिओ’ ही समजूत इथे अडकते. पाहणाऱ्याच्या हातातला पडदा बहुधा फुल एचडीच्या आसपास असतो. माझ्या मते आंबेनळीचा ढग दाखवायला १९२० बाय १०८० पुरते, आणि मोठ्या टीव्हीसाठी ३८४० बाय २१६०. त्यापलीकडचे पिक्सेल क्रॉप सरकवायला वापरा: ६००० रुंदीच्या फोटोंतून ३८४० ची चौकट हळूहळू डावीकडून उजवीकडे नेली की कॅमेरा फिरल्याचा भास होतो आणि फिरता ट्रायपॉड विकत घ्यावा लागत नाही.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. मूळ फोटोंना हात लावायचा नाही. त्यांची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये काढून इरफानव्ह्यू किंवा एक्सएनव्ह्यूसारख्या मोफत प्रोग्रॅमने सगळी एकाच मापात कापायची, लहान करायची, आणि मगच व्हिडिओच्या प्रोग्रॅममध्ये न्यायची. २४ मेगापिक्सेलचा फोटो डिस्कवर आठ-दहा एमबीचा दिसतो, पण उघडल्यावर मेमरीत ७२ एमबी घेतो. जुना लॅपटॉप ७२० फोटोंना घाबरतो तो यामुळे. आधी लहान केले की तोच लॅपटॉप मुकाट काम करतो. सगळा व्हिडिओ करण्याआधी पहिले पंचवीस, मधले पंचवीस आणि शेवटचे पंचवीस फोटो घेऊन तीन सेकंदांची चाचणी करा आणि ती ज्या फोनवर दाखवायची त्याच फोनवर पाहा.

एवढे करून सगळ्या फोटोंचे माप तंतोतंत सारखे आले तरी चित्र उडी मारते, असे होऊ शकते. तेव्हा आकार बघून उपयोग नाही. धुके दाटले की ऑटोफोकस चाचपडतो, आणि फोकस हलला की बहुतेक लेन्समध्ये चित्र किंचित आत-बाहेर होते. एकाहून जास्त लेन्स असलेले काही फोन उजेड कमी झाला किंवा काचेवरचा थेंब जवळची वस्तू वाटला तर न विचारता लेन्स बदलतात. पिक्सेल तेवढेच राहतात, दृश्य बदलते. फोकस दूरवर बांधून ठेवा, लेन्स हाताने निवडा, आणि ट्रायपॉडवर असताना लेन्समधले स्थिरीकरण बंद करा.

आंबेनळीत आणखी एक प्रकारचा टाइमलॅप्स करण्याजोगा आहे, तासाचा नव्हे तर वर्षाचा. २२ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवसांत महाड तालुक्यात तळिये, पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथे दरडी कोसळून माणसे गेली आणि घाटाचा रस्ता तुटला. अशा पावसाच्या इशाऱ्याच्या दिवशी घाटात कॅमेरा घेऊन थांबायचे नाही. पण एरवी, दर आठवड्याला एकाच जागेवरून समोरच्या उताराचा एक फोटो घेतला तर गवत कधी उगवले, माती कुठे उघडी पडली, ओहोळाने वाट कुठे बदलली हे वर्षाअखेर डोळ्यांसमोर येते. हे काम गावातले चार-पाच जण मिळून करणार, म्हणजे फोन चार-पाच प्रकारचे, आणि मापांचा गोंधळ ठरलेला. इथे नुसती रुंदी सारखी करून भागत नाही, कारण प्रत्येक फोनच्या लेन्सला दिसणारा पट्टा कमी-जास्त असतो. चित्रातल्या न हलणाऱ्या दोन खुणा निवडा, समजा मोरीच्या कठड्याचे टोक आणि समोरच्या कड्यावरचा एखादा ठळक खडक. प्रत्येक फोटो असा लहान-मोठा करा की त्या दोन खुणांमधले अंतर पिक्सेलमध्ये सारखे येईल, मग त्या एकावर एक बसवून सगळ्या फोटोंत असलेला समाईक भाग तेवढा कापा. सर्वांत अरुंद दिसणाऱ्या फोनचा फोटो चौकट ठरवतो, म्हणून तो आधी शोधा. आठवड्याला एक म्हणजे वर्षाला ५२ फोटो. सेकंदाला २५ च्या वेगाने ते दोन सेकंदांत संपतील. प्रत्येक फोटो सहा चित्रांइतका थांबवला तर साडेबारा सेकंद मिळतात आणि उतार नीट पाहता येतो. व्हिडिओचा वेग २५ च ठेवा. फोटोच पुन्हा पुन्हा दाखवायचा.